फोटो टाकणारे आम्ही ‘बिनपगारी गुमास्ते’? बरं, मग ऐकाच

गोडोलीकर

काल मिरजेच्या तंबोरा साहेबांनी एक पोस्ट टाकली होती. वाचली नसेल तर सार सांगतो: गुगलच्या नकाशावर फोटो, रिव्ह्यू आणि दुरुस्त्या टाकणारे हौशी लोक म्हणजे अमेरिकन कंपनीचे बिनपगारी गुमास्ते, पॉइंटांसाठी लाळ गाळणारे. तेवढाच वेळ ओपनस्ट्रीटमॅपला, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाला दिला असता तर सातारा-सांगलीचं भलं झालं असतं. खाली टाळ्याच टाळ्या.

तर तो गुमास्ता मी. एका फोटोला ५ पॉइंट, रिव्ह्यूला १०, नवीन जागा टाकली की १५. एवढ्या पॉइंटांत पोवई नाक्यावर कटिंगसुद्धा मिळत नाही, हे मला मिरजेहून कुणी सांगायला नको. पॉइंटांसाठी हे कुणी करत नसतं हो. २०२२ च्या जुलैत गुगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशात रस्त्याचे फोटो दाखवणारी सोय, भारतात परत आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं, नाशिक होतं, अहमदनगरसुद्धा होतं. सातारा नाही, सांगली नाही. त्यांची कॅमेऱ्याची गाडी आपल्या गल्लीत येईल तेव्हा येईल. तोवर लिंबची बारा मोटेची विहीर बघायला निघालेल्या माणसाला गाडी कुठं लावायची, आत पायऱ्या किती उंच आहेत, कठडा आहे का, हे कोण दाखवणार?

माझ्या आत्याचे गुडघे गेलेत. कुठंही निघायच्या आधी ती मला एकच विचारते, “पायऱ्यांचा फोटो हाय का रे?” देवाचा नको, कळसाचा नको, पायऱ्यांचा. सज्जनगडाला गाडीतळापासून वर किती चढायचं हे तिनं फोटो मोठा करून, बोट ठेवून मोजलं आणि मग ठरवलं. तो फोटो कुणीतरी फुकटच टाकला होता ना? तंबोरा साहेब, तुमच्या त्या खुल्या नकाशात आत्याला एक पायरी दाखवा, मी आजच खातं बंद करतो.

मिरजेचा तंबोरा

गुमास्ता लागलं वाटतं. लागायलाच लिहिलं होतं.

आत्याबाईंना नमस्कार, पण मुद्दा तुम्ही शिताफीने टाळलात. दिलेलं परत मिळतं का? २००८ साली गुगलचं मॅप मेकर आलं, नकाशा लोकांनीच आखायचा. आपल्याकडची पोरं रात्र-रात्र जागून गावोगावचे रस्ते आखत बसली. २०१७ च्या मार्चअखेर दुकान बंद. गुगलच्याच पॅनोरामिओ साइटवर जगभरच्या लोकांनी डोंगर-दऱ्यांचे फोटो जागेसकट लावले होते, तेही २०१६ च्या नोव्हेंबरात गुंडाळलं. उद्या आणखी काही गुंडाळतील. तुम्ही काय करणार? निषेधाचा रिव्ह्यू टाकणार?

ओपनस्ट्रीटमॅपचा अख्ख्या पृथ्वीचा डेटा मी आत्ता घरी उतरवून घेऊ शकतो. तुम्ही टाकलेला पायऱ्यांचा फोटो मला उद्या एखाद्या पुस्तिकेत छापायचा झाला तर नकाशावरून उचलता येईल का? नाही. तुम्हाला शोधत गोडोलीत यावं लागेल. आणि बामणोलीच्या पुढं रेंज गेल्यावर तुमच्या फोटोंचं काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे.

जुना कॅमेरावाला

तंबोरा बोलतोय ते बरोबर आहे, पण त्याला वाटतं त्या कारणाने नाही. आम्ही माहुलीच्या संगमावर रोलमध्ये फोटो मोजून काढायचो. डिजिटल आलं तेव्हा मीही हौसेने सगळे फोटो एका साइटवर चढवले, नाव घेत नाही. खाली ओळी लिहिल्या, कुठून काढला, किती वाजता, नदीला पाणी किती. बंद होणार म्हणून ईमेल आली म्हणे. ती ज्या पत्त्यावर आली तो पत्ता मी केव्हाच सोडला होता. फोटो हार्ड डिस्कवर आहेत, खालच्या ओळी गेल्या. फोटो परत काढता येतो. त्या दिवशीचं पाणी कुठवर होतं ते आता कुठून आणू?

दोघांनाही एकच सांगणं. जिथं टाकायचं तिथं टाका, पण माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहा आणि एक प्रत घरात ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी पाच-पन्नास फोटो छापून घ्या. हल्ली कुणी छापतच नाही, लग्नाचेसुद्धा पेनड्राइव्हमध्ये…

गोडोलीकर

काका, छपाईवर वेगळा धागा काढा, नाहीतर आज रात्र होईल.

तंबोरा साहेब, ऑफलाइन नकाशा आमच्याकडेही उतरवता येतो, एवढं तरी माहीत असू द्या. आणि फोटोंचं काय? ओपनस्ट्रीटमॅप फोटो साठवत नाही. मग तुमची मंडळी काय सांगतात? “मॅपिलरीवर टाका.” ती रस्त्यांचे फोटो साठवणारी मॅपिलरी २०२० पासून कुणाच्या घरात नांदते? फेसबुकच्या. मी एका अमेरिकन कंपनीचा गुमास्ता, तर तुम्ही दुसरीचे. फरक एवढाच की मी कबूल करतो.

पोवई नाका

दोघांपैकी कुणीतरी आधी आमच्या नाक्याचं बघा लका. २०२१ ला ग्रेड सेपरेटर, म्हणजे नाक्याखालचा भुयारी रस्ता चालू झाला आणि नाक्याला मजले आले. पाहुणे खाली शिरले की जीपीएस मान टाकतं आणि फोनमधली बाई वरच्या रस्त्याची वळणं सांगत बसते. बाहेर पडतात तेव्हा पाहुणे भलतीकडंच, आणि मला फोन, “आम्ही पोचलोय, तू कुठंयस?”

वायतुरा

फोटो कुणाच्या मालकीचा यावर चाललंय सगळं. फोटोत जे आहे त्याचं काय, हे एकाच्याही डोक्यात येत नाही.

एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नाव सांगणार नाही आणि विचारूही नका, पावसाळ्यात वायतुरा फुलतो. कातळातल्या डबक्यात घोट्याएवढं पाणी, त्यातून वर आलेला दोन फाट्यांचा गुलाबी तुरा. ही वनस्पती आपल्याकडच्या सड्यांवरच आहे, तिच्या शास्त्रीय नावातसुद्धा सातारा आहे. एका हौशी माणसाने फोटो काढला आणि नकाशावर नवीन ठिकाण टाकलं: “कासला पर्याय, बुकिंगची कटकट नाही.” पुढच्याच रविवारी गाड्या थेट सड्यावर. जांभ्यावर माती असते बोटभर. एक टायर फिरला की ती सालपटासारखी निघते आणि खाली नुसता दगड. मी तिथं गेले तेव्हा डबक्यात चिखल होता आणि चिप्सची पाकिटं.

तुमच्या फोनचा कॅमेरा फोटोतच अक्षांश-रेखांश लिहितो. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे जवळजवळ एका मीटरपर्यंत नेमकी जागा. व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला तर ते आकडे गळतात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसेच्या तसे जातात. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर, धोक्यातल्या प्रजातीची जागा आपोआप धूसर होते, वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी ठिपका पडतो. त्यांना एवढी अक्कल आहे. तुम्हाला पाच पॉइंट हवेत.

आणि तंबोरा, तुम्ही हसू नका. त्या सड्याची पायवाट तुमच्याच खुल्या नकाशात आहे.

मिरजेचा तंबोरा

पायवाट गावकऱ्यांची आहे, शंभर वर्षं तिथंच आहे. जमिनीवर आहे ते नकाशात येणार. “बुकिंगची कटकट नाही” अशी जाहिरात आमच्याकडे करता येत नाही, हा फरक लक्षात घ्या ताई.

वाडीवरचा

ताई, तुमी नाव सांगत न्हाय म्हंजी सडा तुमच्या नावावर झाला का? त्यो सडा कुठला ते मला कळालं. आमची गुरं चरत्यात तिथं.

आमच्या वाडीच्या नावाची आणखी एक वाडी तालुक्यात हाय, डोंगराच्या पल्याड. वैनीला रातच्याला कळा सुटल्या, रुग्णवाहिका बोलावली, ती गेली तिकडं. डायवर फोनवर म्हणतोय, “आलोय, कंदील दाखवा.” आमी इकडं कंदील घिऊन हुबं. शेवटी जीपगाडीनं न्हेलं. पोरगी झाली, बरी हाय. त्यानंतर माझ्या चुलतभावानं पुण्यात बसून आमच्या वाडीची पिन टाकली, शाळेचा फोटो टाकला, वळणावरल्या वडाचा टाकला. आता गॅसवाला येतो, कुरियर येतं. तुमी म्हंता पिन नको. तुमच्या बिल्डिंगीची काढा की मग.

आन शनवार-रविवार चार लोकं येत्यात, माझी आय पिठलं-भाकरी करती. त्येचं बी वाईट वाटतंय का?

वायतुरा

वाडीच्या पिनेवर मी एक शब्द बोलले नाही, उगाच तोंडात घालू नका. मी सड्यावरच्या पिनेबद्दल बोलतेय. आणि आता विषय काढलाच आहे तर विचारते, गाड्या वर गेल्या तेव्हा वळणावर उभं राहून पन्नास-पन्नास रुपये पार्किंग कोण घेत होतं?

वाडीवरचा

घेत हुतो. मग? कासला गेट करून तिकीट लावलं तर ते संवर्धन, आन आमी ५० घेतलं तर लूट? कास २०१२ ला जागतिक वारसा झालं तवापास्नं शेजारची गावं काय करत्यात ते बघून या. तिकीट, गाईड, हाटेल. आमच्या सड्यावर फुलं कमी हायत का? तुमाला फुलं बघायला यायचं आसतं, पण एकट्याला. तुमच्या मागनं दुसरा आला की गर्दी.

वायतुरा

कासला दिवसाच्या माणसांना मर्यादा आहे, गाड्या लांब थांबतात, फुलांत शिरलात तर हटकायला माणूस आहे. तुमच्याकडे काय आहे? तुमचं पावतीपुस्तक!

जुना कॅमेरावाला

अरे बाबांनो, हळू. ताई, त्याचं शेवटचं वाक्य मात्र खरं आहे हो. आपल्या सगळ्यांनाच ते लागू होतं, मलासुद्धा.

वायतुरा

लागू होतं, काका. म्हणूनच मी तिथं जाणं बंद केलंय. तेही इथं कौतुक मिळवायला नाही सांगत.

गोडोलीकर

माझ्या धाग्याचा सडा झाला. असो.

वाडीकर भाऊ, ‘कासला पर्याय’ ही पिन काढा म्हणून मी आत्ताच सुचवणी पाठवली आहे. तुमच्या वाडीची राहील, हवं तर वाडीखालच्या मोकळ्या जागेत गाडीतळ म्हणून दुसरी टाकू. गाडी तिथं लावायची, पुढं चालत, आणि बरोबर वाडीतलाच माणूस. ५० काय, १०० घ्या. ताई, तुम्हाला चालेल का?

वायतुरा

चालणार नाही. पण टायरपेक्षा पाय बरे. गाडीतळाच्या फोटोत पाटी दिसू द्या, आणि पाटीवर ‘वर वाहन नेऊ नये’ असू द्या. आणि फुलांच्या फोटोतले आकडे काढूनच टाकायचे, यावर मी हटणार नाही.

वाडीवरचा

पाटी तुमी रंगवून आणा. हुबी आमी करतो. माणूस बरूबर द्यायचा तर त्येला मजुरी लागंल, ती बी पाटीवर ल्हेवा.

हळद पेठ

सातारकरांचं झालं असेल तर सांगलीकराचं ऐका. माझं दुकान नकाशावर कुणीतरी ‘कायमचे बंद’ करून ठेवलंय. कुणी ते मला ठाऊक आहे, तोही याच पेठेत बसतो. सकाळी आठ ते रात्री नऊ शटर उघडं आहे आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतंय, “कधी बंद केलंत हो?” हौशी गुमास्त्यांच्या हातात दुकानाची किल्ली दिली की हे असं होतं. तंबोरा, तुझ्या नकाशात होतं का असं?

मिरजेचा तंबोरा

होऊ शकतं. पण कोणत्या खात्याने कधी बदललं त्याचा इतिहास सगळ्यांना दिसतो. लपून करता येत नाही.

हळद पेठ

बरं. गिऱ्हाईक तुझा नकाशा बघतं का? नाही. संपलं.

आता दुसरं सांगतो, मग तुम्ही भांडा. २०१९ च्या पुरात माझा मेव्हणा वरच्या मजल्यावर अडकला होता. त्याने पिन पाठवली, मी ती नाववाल्यांना दाखवली. नावाडी म्हणाला, “हे राहू दे. देवळाच्या मागं का पुढं, पाण्याच्या टाकीच्या कुठल्या अंगाला, ते सांगा.” फोनमध्ये रस्ता निळा दिसत होता, तिथं माणूसभर पाणी. पिन चुकीची नव्हती, नावाड्याच्या कामाची नव्हती.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण ४५ ला माझ्या गल्लीत पाणी कुठपर्यंत येतं, ५० ला कुठपर्यंत, हे कुठल्याही नकाशात सापडत नाही. ते भिंतींवर आहे. लोकांनी रंगाने रेघा मारून साल लिहून ठेवलंय, २००५, २०१९, २०२१. दर दिवाळीला कुणीतरी भिंत रंगवतो आणि एक रेघ जाते. त्याचे फोटो काढा की रे, पायऱ्या कसल्या काढताय!

जुना कॅमेरावाला

हेच मी म्हणत होतो. पाणी कुठवर होतं ते.

गोडोलीकर

याला माझ्याकडे उत्तर नाही. रेघांचे फोटो मोठ्या नकाशावर टाकले तर मिसळ आणि सेल्फीच्या ढिगात पंधरा दिवसांत बुडतील. हे म्हणायला जीव जड होतोय, पण याला तंबोऱ्याचीच पद्धत लागेल.

मिरजेचा तंबोरा

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या खुल्या फोटोसाठ्यात टाकायचे, कुणालाही वापरता येतील अशा खुल्या परवान्याने, खाली गल्ली, साल आणि जमिनीपासून उंची. मॅपिलरीचं तुमचं बोलणं बोचलं होतं, म्हणून ती नको. नकाशात रेघेचा बिंदू मी टाकतो. आणि ‘बिनपगारी’ मागे घेतो. ‘गुमास्ता’ राहू दे, त्याला हिशेब चोख लागतो.

गोडोलीकर

उंची टेपने मोजायची, अंदाजपंचे नाही. शनिवारी मी सांगलीत येतो. विश्रामबागेतून सुरुवात करू.

हळद पेठ

विश्रामबागेत काय सुरुवात करता? नदीकडून वर या, गावभागातून. आणि येताना दोघांनी आधी माझं दुकान ‘चालू आहे’ म्हणून कळवा, लिंक खाली टाकतोय. सातारच्या खात्यावरून आलं तर बरं, इथल्यांवर त्यांचा विश्वास दिसत नाही.