मदत हवी आहे: पारशी-गुजराती कात्रणावरची तारीख आणि वर्तमानपत्र कसं ओळखायचं?

कात्रणवाली: मुंबईतल्या एका पारशी गृहस्थांच्या निधनाचं छापील कात्रण आहे, गुजराती लिपीत. वर्तमानपत्राचं नाव फाटून गेलंय. निधनाची तिथी अशी: 'रोज बेह…(पुढचं पुसट), माह दए, सने 1240 यझदेझर्दी' (रोज म्हणजे दिवस, माह म्हणजे महिना, यझदेझर्दी हा पारशी सन). 630 मिळवले की इसवी सन येतो असं वाचलं, म्हणजे 1870. पण त्या वर्षाच्या अंकांत नोंद सापडत नाही. चुकतंय कुठे?

जुना_खिळा: 630 चा नियम नवरोजपासून (पारशी नववर्षापासून) डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो. जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत 631 मिळवायचे. दए हा दहावा महिना, म्हणजे तुम्हाला 1871 हवं.

आता दिवस. हल्लीचं पारशी कॅलेंडर समोर ठेवून मागे मोजू नका. यझदेझर्दी वर्ष नेमकं 365 दिवसांचं, लीप दिवस नाही, त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतो. आज शहेनशाही (पारशांच्या दोन जुन्या पंचांगांपैकी एक) नवरोज ऑगस्टच्या मध्यावर येतो. 1870 मध्ये तो 22 सप्टेंबरला होता. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटी पाच जादा दिवस, म्हणजे गाथा. नऊ महिन्यांचे 270, त्यात 'बेह…' म्हणजे बेहराम हा विसावा रोज धरून 20, म्हणजे वर्षातला 290वा दिवस. 22 सप्टेंबर हा पहिला धरून मोजलंत की येतो 8 जुलै 1871.

हे शहेनशाही पंचांगाने. घर कदमी (दुसरं जुनं पंचांग) पाळणारं असेल तर बरोबर 30 दिवस आधी, 8 जून. सनाचा आकडा दोन्हींचा एकच, म्हणून नुसत्या सनावरून पंथ कळत नाही. फसली हे तिसरं पंचांग विसरा, ती चळवळ विसाव्या शतकातली.

शिळाप्रेस: त्या 'बेह…'कडे नीट बघा. बेहमन दुसरा रोज आणि बेहराम विसावा, म्हणजे सरळ 18 दिवसांचा घोळ. सनही भिंगाखाली तपासा. गुजराती पाचाचा आकडा आपल्या 'प'सारखा असतो, मराठी डोळ्याला तो अक्षर वाटतो.

कात्रणात वार छापलाय का? या चार शक्यतांत प्रत्येकीचा वार वेगळा पडतो. बेहराम शहेनशाही शनिवार, बेहराम कदमी गुरुवार, बेहमन शहेनशाही (20 जून) मंगळवार, बेहमन कदमी (21 मे) रविवार.

कात्रणवाली: वार आहे, 'शनीवार'. मागच्या बाजूला कापसाचे भाव आहेत, म्हणजे 'मुंबई समाचार'च ना?

जुना_खिळा: मग 8 जुलै. एक खोच मात्र आहे. पारशी दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. मृत्यू मध्यरात्रीनंतर पण उजाडायच्या आत झाला असेल, तर रोज आदल्या दिवसाचा लागतो आणि इंग्रजी तारीख एकाने पुढे जाते. दफ्तरात 9 जुलै दिसली तर गोंधळू नका.

कापसाच्या भावांवरून वर्तमानपत्र ठरवणं धोक्याचं. 1871 मध्ये पारशी वाचकांची दोन गुजराती दैनिकं जोरात होती: फर्दुनजी मर्झबानांनी 1822 मध्ये साप्ताहिक म्हणून काढलेलं आणि 1855 पासून दैनिक झालेलं 'मुंबई समाचार', आणि 1832 चं 'जामे जमशेद'. व्यापारी शहरातल्या दैनिकाला भाव छापावेच लागत. दादाभाई नौरोजींनी 1851 मध्ये सुरू केलेलं 'रास्त गोफ्तार' तेव्हा साप्ताहिक होतं, सुधारकांचं. तिथे समाजकारणावरचं लिखाण जास्त, पण तेही चाळा.

अंक मागताना इंग्रजी तारीखच द्या, यझदेझर्दी तिथीने अंकांचा बांधलेला खंड सापडणार नाही. 8 ते 20 जुलै एवढा पट्टा मागा, कारण उठमण्याची (मृत्यूनंतरच्या तिसऱ्या दिवशीच्या विधीची) आणि दानधर्माची बातमी मागाहून येते. फोर्टमधल्या के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटपासून सुरुवात करा.

शिळाप्रेस: त्याआधी 'पारसी प्रकाश' उघडा. बमनजी बेहरामजी पटेलांनी समाजाच्या घडामोडी इंग्रजी तारखांच्या क्रमाने लावल्यात. पहिला खंड 1860 पर्यंतचा, तुम्हाला पुढचा लागेल. नामांकित माणूस असेल तर तिथेच तारीख पक्की होईल. साधा कारकून असेल तर पानं उलटण्यावाचून गत्यंतर नाही. नाव शोधताना फरामजी आणि फ्रामजी, खरशेदजी आणि खुरशेदजी, अशी दोन्ही रूपं धरा. एकाच अंकात दोन्ही सापडतात.