विकतच्या पोळ्या आणल्या, चुकलं काय?

आठ_सत्तावीस
गेल्या महिन्यापासून आमच्याकडे पोळ्या विकतच्या. चौघांच्या दिवसाला सोळा. मुलगा सकाळी सातला कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून घेऊन येतो. भाजी, आमटी, कोशिंबीर घरचीच. परवा सासूबाई गावाहून आल्या. डबा उघडला, वरची पोळी दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि "पदर सुटलेले नाहीत" एवढंच म्हणाल्या. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.
तेरा वर्षं पहाटे पाच-वीसला उठून कणीक तिंबली, सोळा पोळ्या लाटल्या आणि आठ सत्तावीसची लोकल पकडली. आता तो पाऊण तास माझा. त्यात थोर काही करत नाही, झोपते. चुकलं काय?

जोंधळा
हिशेब चुकला. केंद्राची पोळी बारा रुपयांना धरा. सोळांचे झाले १९२, महिन्याचे पावणेसहा हजार. किलोभर कणकेत तीसेक पोळ्या होतात. तेल, गॅस, दळण धरूनही घरची पोळी तीन रुपयांच्या वर जात नाही. शिवाय गहू कोणता, मैदा किती, काही कळत नाही. आम्ही अजून उन्हाळ्यात एरंडेल चोळून वर्षाचा लोकवन भरतो. (लोकवनात वन-बिन काही नाही बरं का. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेने 'लोक-१' हे वाण काढलं, त्यातल्या 'वन'चं आपण हे केलं.)

आठ_सत्तावीस
तीन रुपयांत माझी मजुरी कुठल्या खात्यात धरलीत?

चुलीपुढची
हेच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ-वापर पाहणी बघा. बिनपगारी घरकामात बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. आणि ही ९७ फक्त जे काही करतात त्यांची. असे पुरुष शंभरात सव्वीस. जोंधळाभाऊ, तुमच्याकडे लाटतं कोण?

जोंधळा
मीच. बायकोची रात्रपाळी असते. नकाशे होतात, पण फुगतात. आणि म्हणूनच सांगतो, तव्यावरून थेट ताटात पडलेल्या पोळीची वाफ पिशवीतल्या पोळीला नाही. पिशवीत ती घामेजते आणि दुपारी डब्यात चामडं होते. झोपेचं म्हणाल तर मलाही येते.

तवा_तापला
आधी चपाती म्हणा हो. पोळी म्हणजे पुरणाची!
आमच्या आजीकडे रोज भाकरीच असायची. चपाती सणाला, नाहीतर जावई आला तर. कोकणातली मंडळी भातावर. सासूबाई ज्या रिवाजासाठी रुसल्या तो आमच्या घरात तरी दोन पिढ्यांपलीकडे जात नाही. आणि विकतचं जेवणही काल आलेलं नाही. गिरणगावात घर सोडून आलेले हजारो कामगार खाणावळीतच जेवायचे. त्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा कुणाचा संसार मोडला नाही.

मनगट
इतका वेळ नुसती वाचत होते. माझी आई अशाच एका केंद्रात नऊ वर्षं लाटायची. पैसे नगावर. मनगटाला जुन्या साडीची पट्टी घट्ट बांधून जायची, येताना ती पट्टी पिठाने कडक झालेली असायची. घरी आल्यावर आम्हाला भात टाकायची, लाटणं तिला डोळ्यासमोर नको वाटायचं. तुमचा पाऊण तास वाचला तो असा कुणाच्या तरी हातात गेला, एवढं धाग्यात कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जोंधळा
म्हणजे तुम्ही माझ्या बाजूच्या.

मनगट
नाही. घ्या म्हणते मी, जरूर विकत घ्या. त्याच पैशांवर माझी बारावी झाली. फक्त "आज जाड आहेत" म्हणून परत पाठवू नका. परत आलेल्या पोळ्यांचे पैसे मालक आईच्या नगांतून कापायचा.

आठ_सत्तावीस
आज मुलाऐवजी मी गेले. आत तीन बायका होत्या, तव्यापाशी टेबलफॅनही नाही (पीठ उडतं म्हणे). नगामागे त्यांना किती मिळतात, विचारलं. मालक म्हणाला, "ताई, सोळाच ना?" मी सोळा घेऊन आले.

नवीन_सभासद
चर्चा छान. डोंबिवली पूर्वेला घडीची पोळी चांगली कुठे मिळते? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.