मदत हवी आहे: रोटेटरचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी गिअरची ढिलाई) फर्मवेअरमध्ये सांभाळावा की ड्रायव्हरमध्ये?

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरावरून दुर्बिणीने आकाशाची फोटोग्राफी चालते. दुर्बिणीवरचा कॅमेरा फिरवणारा रोटेटर घरी बनवलेला: आर्डुइनो नॅनो (फर्मवेअर यात), गिअरवाली स्टेपर मोटर, जीटी२ बेल्ट, स्वतः लिहिलेला अॅस्कॉम ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरला रोटेटरशी जोडणारा). फोटोग्राफीचं सॉफ्टवेअर निना, टॉलरन्स (चालणारी चूक) १ अंश.

वाढत्या कोनाकडे फिरवला की प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून काढलेला खरा कोन) अर्ध्या अंशात जुळतं. उलट दिशेने मात्र दीड-दोन अंशांची चूक येते. बेल्ट ताणला, वेग कमी केला, मायक्रोस्टेपिंग बदललं, फरक नाही. होम सेन्सरवर एकाच दिशेने आणलं की स्टेप्सची मोजणी तंतोतंत जुळते, म्हणजे मोटर स्टेप गाळत नाही, ढिलाई गिअरमध्येच आहे. रिव्हर्सची (दिशा उलटवण्याची) खूणही तपासली, बरोबर आहे.

आता प्रत्येक वेळी ३ अंश जास्त मागे जाऊन वाढत्या दिशेनेच थांबवायचं ठरवलंय. अडचण केबलची: ० ते १८० अंशांपलीकडे फिरवता येत नाही (निनात रेंज हाफ), त्यामुळे शून्याजवळ मागे जायला जागाच नाही. फ्लॅट्स (एकसारख्या उजेडात घेतलेले दुरुस्तीचे फोटो) मेकॅनिकल कोनावर, म्हणजे रोटेटरच्या स्वतःच्या कोनावर जुळवतो, म्हणून तो कोन खराच हवा.

ही मागेपुढे हालचाल फर्मवेअरने परस्पर करावी की ड्रायव्हरने? आणि पूर्ण थांबेपर्यंत इजमूव्हिंग (रोटेटर अजून फिरतोय हे ड्रायव्हरने सांगायची खूण) ट्रू ठेवलं तर निना थांबते, की मधल्या पोझिशनवरच सॉल्व्ह सुरू करते?