शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात मॅकबेथला भाकीत सांगणाऱ्या तिघी, 'वीअर्ड सिस्टर्स', म्हणजे कोण?

'विचित्र बहिणी' हा अर्थ मला अजिबात पटत नाही. आजचा 'वीअर्ड' चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकावर लादला, की त्या तिघींचा दराराच संपतो.

हा शब्द मुळात विशेषण नव्हताच. जुन्या इंग्रजीत 'व्युर्द' हे नाम होतं आणि अर्थ होता दैव, नियती. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याचा नायक ग्रेंडेल या राक्षसाशी झुंजण्याआधी म्हणतो की व्युर्द तिला जसं जायचं तशीच जाणार. धातू 'होणे, घडणे' या अर्थाचा. जर्मन 'वेर्डेन' त्याच कुळातलं आणि संस्कृत 'वृत्' धातूही. म्हणजे आपले 'वर्तन', 'वर्तमान' त्याचे दूरचे नातलग. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणातल्या नशीब ठरवणाऱ्या तिघींपैकी 'उर्द' हे नावही तेच.

शेक्सपिअरने ही कथा होलिनशेडच्या इतिहासग्रंथातून घेतली आणि तिथे या बहिणी म्हणजे नियतीच्या देवता, असा खुलासाच आहे. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, 'वेवर्ड', 'वेयर्ड' असं छापलंय. 'वीअर्ड' हे रूप संपादक थिओबाल्डने १७३३च्या आवृत्तीत आणलं. 'चमत्कारिक' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला, तोही बराचसा याच नाटकामुळे.

रंगसूचनांमध्ये त्या 'विच' आहेत हे खरं. पण त्या स्वतःला 'वीअर्ड सिस्टर्स' म्हणवतात. मॅकबेथ आणि त्याचा सहकारी सरदार बँकोही तेच म्हणतात. म्हणून नुसतं 'चेटकिणी' मला अपुरं वाटतं. आपल्याकडे जवळची आहे ती सटवाई: सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहिणारी, जिची पूजाही होते आणि भीतीही वाटते. तिच्याच नावाची पुढे 'सटवी' ही शिवी झाली, हे 'वीअर्ड'च्या घसरणीशी किती जुळतं! अर्थात भाषांतरात सरळ सटवाई लिहिली तर स्कॉटलंडच हरवेल. मी 'दैवभगिनी' लिहीन.

मग मॅकबेथचा दोष काय, सगळं ठरलेलंच होतं, असं कुणी म्हणेल. पण नाटक नीट वाचा. त्या 'तू राजा होशील' एवढंच सांगतात. राजा डंकनला मार, असं एकदाही म्हणत नाहीत; खुनाचा विचार मॅकबेथच्याच मनात उठतो. तुझे वंशज राजे होतील, हे भाकीत बँकोलाही मिळतं. तो त्यासाठी कुणाचा जीव घेत नाही.