डायनॅमोने सायकल किती जड होते?

भाऊ, "डायनॅमो लावला की सायकल जड होते, म्हणून रात्री दिवा बंदच ठेवतो" हे तुमचं म्हणणं वाचून राहवलं नाही. टायरला घासणारा जुना डायनॅमो असेल तर तक्रार खरी आहे. दिव्याला मिळतात 3 वॅट, पण पायांकडून तो 8 ते 15 वॅट काढतो. सपाट रस्त्यावर ताशी 20 किमीने जायला साधारण 80-100 वॅट लागतात, म्हणजे भार जाणवणारच.

पण आधी तो कसा बसवलाय ते बघा. डायनॅमोची मधली रेषा बरोबर चाकाच्या केंद्राकडे रोखलेली हवी. जरा तिरका बसला की त्याची चाकी टायरवर फरफटते, टायरची बाजू खाते, आवाजही वाढतो. आणि आवाजाने सायकल आहे त्यापेक्षा जड वाटते. पावसाळ्यात ओल्या टायरवर तो घसरतो, ते वेगळंच.

पुढच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात बसणारा डायनॅमो घेतलात तर दिवा चालू असताना 5-6 वॅट, बंद असताना एखादा वॅट. हातात धरून आस फिरवला तर अडकत अडकत फिरतो, त्यानं बिचकू नका. चुंबक जेवढं अडवतात त्यातलं बहुतेक पुढच्या क्षणी परत देतात. माणूस-सायकल मिळून 90 किलो आणि वेग तोच ताशी 20 किमी धरला तर दिवा चालू असतानाचा भार किलोमीटरमागे एक-सव्वा मीटर चढाइतका. वर्धा रोडवर एवढा चढ डोळ्यांना दिसतही नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र तुम्ही दिसायलाच हवेत, दिवा बंद ठेवू नका.