रस्त्याचा पैसा नक्की येतो कुठून?

सातारकर: गाडी घेताना रोड टॅक्स भरायचा, पेट्रोलवर कर, वर टोल. मग हे सगळं रस्त्यालाच लागतं का? नीट माहिती असेल तर सांगा.

अनुजा: दादा, रोड टॅक्स थेट रस्त्याला जात नाही, तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून पीडब्ल्यूडीला (सार्वजनिक बांधकाम विभागाला) किती द्यायचे ते बजेटमध्ये विधिमंडळ मंजूर करतं. इंधनावरचा रस्ते सेस केंद्र घेतं, त्यातला वाटा राज्याला मिळतो.

घाटवाला: मोठ्या कामांचं वेगळं असतं. १९९६ ला एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ काढलं ते त्यासाठीच, कर्ज उभारायचं आणि टोलमधून फेडायचं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किमी, त्यात बँकांच्या कर्जासोबत सिडको, म्हाडाचेही पैसे आहेत. म्हणजे घरांसाठीच्या संस्थांचा पैसा रस्त्यात, हे मला पटत नाही.

सातारकर: आणि लक्ष कोण ठेवतं?

अनुजा: कॅग, म्हणजे सरकारी खर्च तपासणारी यंत्रणा, ऑडिट करते, अहवाल विधिमंडळात जातो, मग आमदारांची लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावते. पण हे बहुतेक काम झाल्यावर, तोवर रस्ता उखडलेला असतो. म्हणून आधी रस्ता कुणाचा ते बघा, राज्य महामार्ग सहसा पीडब्ल्यूडीकडे, गावचा झेडपीकडे. मग आरटीआय टाकून दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत) विचारा, तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी.