मदत हवी आहे: गच्चीच्या दाराचं कुलूप काढावं की ठेवावं? (सोसायटीतल्या आगीनंतर)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लिहिणं थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून सांगा, कारण आमच्या सोसायटीत या विषयावरून दोन तट पडलेत आणि मला दोन्हीकडची माणसं जवळची आहेत.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. इमारत १९९८ ची, स्टिल्टवर सात मजले, मजल्यावर चार घरं, एकूण २८ बिऱ्हाडं. लिफ्ट एक, जिना एक. मीटर रूम तळाला, जिन्याला लागूनच.

जुलैतली गोष्ट. रात्री पावणेदोनच्या सुमाराला पंखा बंद पडला म्हणून जाग आली. बाहेर धो धो पाऊस. वाटलं, नेहमीसारखी लाईट गेली. मग जळक्या रबरासारखा वास आला. दार उघडलं तर जिन्यात मोबाईलचा टॉर्च हातभर सुद्धा पुढे जाईना, इतका धूर. आम्ही सहाव्या मजल्यावर. घरात मी, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. त्यांचं वय ७६, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. नवरा रात्रपाळीला. खालून कोणीतरी ओरडत होतं, "खाली येऊ नका, वर जा, गच्चीवर जा!" सासूबाईंना एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने लेकीने, आणि ते दोन मजले आम्ही कसे चढलो ते आता आठवायलाही नको वाटतं.

वर आठ-दहा जण आधीच जमलेले, आणि गच्चीच्या दाराला कुलूप. एक किल्ली सेक्रेटरींकडे, ते गावाला गेलेले. दुसरी वॉचमनकडे, तो खाली, धुराच्या पलीकडे. एका दादांनी घरातून वरवंटा आणून कुलपावर घाव घातले. कुलूप हललं नाही. ते घाव अजून त्यावर दिसतात, रोज कपडे वाळत घालायला जाताना माझी नजर तिथेच जाते.

शेवटी सातव्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हा सगळ्यांना आपल्या घरात ओढलं. दार लावलं, फटीत ओले टॉवेल कोंबले आणि आम्ही खिडकीपाशी बसून राहिलो. अग्निशमन दलाची माणसं वर येईपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. पाचव्या मजल्यावरचे आजोबा मात्र धूर असतानाच जिना उतरायला गेले, त्यांना तीन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. आता बरे आहेत. आग मीटर रूममध्ये लागली होती. तिथे रद्दीचे गठ्ठे, गणपतीच्या मखराचं सामान आणि रंगाचे अर्धे डबे ठेवलेले होते. ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आता खरा प्रश्न. आगीनंतरच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, गच्चीचं कुलूप काढून टाकू. त्यावर सगळ्यात जास्त विरोध कोणी केला असेल, तर त्याच सातव्या मजल्यावरच्या काकूंनी. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून चोर आमच्या गच्चीवर उतरले आणि जिन्याने खाली येऊन काकूंचंच घर फोडलं. दागिने गेले, त्यात त्यांच्या आईच्या पाटल्या होत्या. काका गेल्यापासून त्या एकट्या राहतात. त्यानंतरच कुलूप आलं. त्याच वर्षी निम्म्या घरांनी खिडक्यांना बॉक्स ग्रिलही बसवले, एकालाही उघडणारी झडप नाही. काकू मला म्हणाल्या, "आग तीस वर्षांत एकदा लागली गं, पण कडी वाजल्याचा भास मला रोज रात्री होतो." यावर मी काय बोलणार? ज्यांनी माझ्या सासूबाईंचा जीव वाचवला, त्यांना मी चुकीचं कसं म्हणू?

तर मला हे हवंय: आतून कोणालाही उघडता येईल पण बाहेरून चोराला उघडता येणार नाही, असं दार मिळतं का? ग्रिलचं काय करावं? कायदा याबद्दल काही सांगतो का? आणि भांडण न करता हे सभेतून पास कसं करून घ्यायचं? ज्यांच्या इमारतीत असं काही झालंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद १

ताई, तुम्ही सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी इमारतींमधल्या अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचं काम करतो, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

तुम्हाला वाचवलं ते काकूंच्या बंद दाराने आणि ओल्या टॉवेलांनी. जिन्यात धूर भरलेला असताना गच्चीकडे जाणं सुद्धा धोक्याचंच. आगीत माणसं भाजून मरतात त्यापेक्षा जास्त धुराने गुदमरून मरतात, आणि एकुलता एक जिना म्हणजे धुराडंच, सगळा धूर वरच चढतो. दार उघडल्यावर समोर दाट धूर दिसला तर दार परत लावा, फटी ओल्या कपड्याने बुजवा, रस्त्याकडच्या खिडकीत जा, टॉर्च दाखवा, १०१ किंवा ११२ ला फोन करून मजला आणि घराचा नंबर सांगा. जिना मोकळा दिसत असेल तर खाली. खाली आग असेल आणि वरचा जिना स्वच्छ असेल तरच गच्ची. लिफ्ट कधीच नाही. हे प्रत्येक घरातल्या लहान मुलालाही पाठ हवं.

तरीही गच्चीचं दार आतून उघडलंच पाहिजे, त्यात दुमत नको. तुम्ही विचारताय तसं दार मिळतं. पॅनिक बार म्हणतात. जिन्याच्या बाजूला आडवी दांडी असते, ती अंगाने ढकलली तरी दार उघडतं. गच्चीच्या बाजूला मूठच नसते, फक्त किल्लीचं भोक. सोबत दार उघडलं की वाजणारा भोंगा लावून घ्या. तोवर आजच्या आज करता येईल असा उपाय: एक किल्ली दाराशेजारी काचेच्या छोट्या पेटीत, काच फोडायला हातोडी तिथेच साखळीने बांधलेली.

आणि खरं दुखणं गच्ची नाही, मीटर रूम आहे. १९९८ साली घरटी चार ट्यूब, तीन पंखे आणि एक फ्रीज धरून वायरिंग झालं असेल. आज त्याच वायरवर दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह चालतात. जोड सैल झाला की तापतो, वर पावसाळ्याची ओल. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण तपासणी करून घ्या. केबलची डक्ट, म्हणजे वायरी वर नेणारी पोकळी, मजल्यामजल्यावर आगरोधक मसाल्याने बंद करा, नाहीतर पुढच्या वेळीही धूर त्याच वाटेने सातव्यावर पोचेल. मीटर रूममध्ये कागदाचा कपटा सुद्धा ठेवू नका. तिथल्या आगीवर पाणी चालत नाही, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) किंवा एबीसी पावडरचं आग विझवायचं सिलिंडर रूमच्या बाहेर टांगा. पावडरच्या सिलिंडरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघता येतं. सीओटूला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं. हे बऱ्याच सोसायट्यांना माहीत नसतं, रिकामं सिलिंडर वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेलं असतं.

---

प्रतिसाद २

मी ठाण्यात आमच्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. कायद्याचं आणि सभेचं मी सांगतो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम २००६ चा आहे. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि वापरणाऱ्यांची जबाबदारी आहे, सोसायटीला ती झटकता येत नाही. परवाना असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. तुमच्या कमिटीकडे शेवटचं फॉर्म बी कधीचं आहे, एवढंच लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलं की वाद होतो, कागद गेला की उत्तर द्यावं लागतं.

सभेसाठी वार्षिक सभेची वाट बघायची गरज नाही. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून मागणी केली तर कमिटीला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. २८ घरं म्हणजे तुम्हाला सहा सह्या पुरतात. पैशाचा प्रश्न निघेलच. दुरुस्ती निधी कशासाठी असतो, हे तेव्हा शांतपणे विचारा.

पण ताई, एक सल्ला. आधी नोटीस, तक्रार, अधिकारी हे शब्द काढू नका. आमच्याकडे मी तीच चूक केली होती. लोकांना वाटलं मी कमिटीवर सूड उगवतोय, आणि जिन्यातले चपलांचे रॅक हलायला दोन वर्षं लागली.

---

प्रतिसाद ३

मला तुमच्या काकूंच्या बाजूने लिहायचंय. आमचं घर चार वर्षांपूर्वी फुटलं. त्यानंतर कितीतरी महिने मी घरात शिरताना आधी बाथरूमचं दार उघडून बघायचे. ज्याच्याकडे चोरी झाली नाही त्याला ही भीती कळत नाही. त्यामुळे काकूंना समजावायला जाऊ नका, त्यांचं ऐकून घ्यायला जा. त्यांच्या दाराला चांगली सेफ्टी चेन, दारावर उजेड, गच्चीच्या दारावर कॅमेरा, आणि शेजारच्या घरात वाजेल अशी एक बेल, हे आधी करा. त्यांना रात्री झोप लागली की त्या स्वतःच दाराबद्दल बोलतील. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे, तीही त्यांच्या फोनमध्ये घालून द्या.

---

प्रतिसाद ४

ग्रिलबद्दल. आम्ही बोरिवलीला आहोत. गोरेगावला ऑक्टोबर २०२३ मध्ये पार्किंगमधल्या आगीत माणसं गेली, त्यानंतर आमच्या सोसायटीने ठरवलं की प्रत्येक घरात रस्त्याकडच्या निदान एका ग्रिलला माणूस बाहेर पडेल एवढी झडप हवीच. फॅब्रिकेटर अख्खं ग्रिल न काढता कापून बिजागरी लावून देतो. आतून कुलूप, आणि किल्ली त्याच खिडकीच्या चौकटीत आतल्या बाजूला खिळ्याला. बाहेरून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, पण अंधारात चाचपडून सापडेल अशी. देव्हाऱ्याच्या खणात ठेवू नका, आमच्याकडे एकांनी तिथे ठेवली होती, सरावाच्या वेळी दहा मिनिटं सापडली नाही.

सराव आम्ही दरवर्षी एप्रिलमध्ये करतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. दलाला पत्र दिलं तर ते येऊन सिलिंडर चालवून दाखवतात. आमच्याकडच्या आज्यांनी सुद्धा पिन ओढून बघितली.

आणि रात्री दोन वाजता व्हॉट्सॲप कोणी बघत नाही. आमच्याकडे खूण ठरलेली आहे: स्टीलच्या ताटावर उलथणं. ज्याला कळलं त्याने खिडकीत उभं राहून वाजवायचं, ऐकलं त्याने पुढे वाजवायचं.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चार दिवस लिहू शकले नाही, कारण तुमचे प्रतिसाद घेऊन घरोघरी फिरत होते.

प्रतिसाद ३ वाचून मी काकूंकडे गेले ते दाराचा विषय न काढता. दोन तास बसले. त्या पाटल्यांचं सगळं सांगत होत्या, आईने त्या कशा साठवून केल्या होत्या तेही. निघताना त्यांनीच विचारलं, "ते ढकलायचं दार म्हणतेस ते कसं असतं?" मी फोनवर दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "बाहेरून उघडणार नाही ना? मग माझं काही म्हणणं नाही. पण भोंगा माझ्या घरात वाजला पाहिजे." मागणीअर्जावर पहिली सही त्यांची आहे. एकूण अकरा झाल्या, अर्ज कमिटीला दिला, पोच घेतली.

मीटर रूम रविवारी रिकामी केली. पाचव्या मजल्यावरचे आजोबा खुर्ची टाकून समोर बसले होते, उचलता येत नाही तर निदान लक्ष ठेवतो म्हणाले. दोन हातगाड्या सामान निघालं. फॉर्म बी मात्र कमिटीला अजून सापडलेलं नाही. मजल्याप्रमाणे एक यादी केलीय, कोणाला धरून उतरवावं लागेल आणि ते कोण करेल याची. सासूबाईंच्या नावापुढे वरवंटावाल्या दादांनी स्वतःहून आपलं नाव घातलं.

प्रतिसाद १ वाल्या दादांना आता दोन शंका. आमचं गच्चीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि पश्चिमेचा पाऊस थेट त्यावर येतो, खालची पट्टी दर दोन वर्षांनी सडते. पॅनिक बार अशा दारावर टिकतो का, की आधी दारच बदलावं लागेल? आणि मे महिन्यात गच्चीवर वाळवणं असतात, बायका तासन्‌तास वर असतात. दार मागून मिटलं तर त्या बाहेर अडकतील, त्यासाठी काय सोय करतात? डोंबिवली-कल्याणकडे असं काम कोणी करून घेतलं असेल तर त्यांनीही अनुभव लिहा. सभा पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी दरपत्रकं हातात हवी आहेत.